आपल्या याद्या कुणाच्या हातात आहेत?

एप्रिल जवळ आला की वस्त्यावस्त्यांत जयंती उत्सव समित्यांच्या बैठका सुरू होतात आणि त्यांच्यासोबत याद्याही सुरू होतात. वर्गणीदारांची यादी, स्वयंसेवकांची यादी, रक्तदात्यांची यादी, सत्कारासाठी गुणवंत विद्यार्थ्यांची यादी. पुढे वर्षभर वधू-वर परिचय मेळावा, धम्म शिबिर, शिष्यवृत्ती मदत केंद्र, स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन असे काही ना काही चालूच असते. पूर्वी ही यादी वहीत असायची आणि वही खजिनदाराच्या कपाटात. आता ती गुगल फॉर्मवर भरली जाते, शीटमध्ये साठते आणि तिची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते.

डिजिटल गोपनीयतेचा विषय निघाला की आपण कंपन्यांबद्दल आणि सरकारबद्दल बोलतो. ते बोललेच पाहिजे. पण समाजाची सर्वात नाजूक माहिती अनेकदा आपणच, चांगल्या हेतूने, उघड्यावर ठेवतो. त्यावर आपल्या बैठकांत चर्चा होत नाही, म्हणून हा लेख.

आपल्या नेहमीच्या फॉर्ममध्ये काय काय विचारलेले असते ते एकदा पाहा. पूर्ण नाव, मोबाईल नंबर, घरचा पत्ता, जन्मतारीख, धर्म, जात, शिक्षण, नोकरीचे ठिकाण. शिष्यवृत्तीसाठी असेल तर आधार कार्डचा फोटो, जातीचा दाखला आणि बँक पासबुकचे पहिले पान. यातली एकेक गोष्ट वेगळी असेल तर फारसे बिघडत नाही. सगळ्या एका ओळीत आल्या की त्या माणसाचा पूर्ण नकाशा तयार होतो. आधार, बँक खाते आणि मोबाईल नंबर एकत्र मिळाल्यावर 'तुमची शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, ओटीपी सांगा' असा फोन करणे ठगाला सोपे जाते, कारण नाव, कॉलेज आणि योजना सगळे त्याला आधीच ठाऊक असते. फोन उचलणाऱ्या मुलीला तो खराच वाटतो.

पैशांपेक्षा मोठा प्रश्न जातीच्या रकान्याचा आहे. शहरात भाड्याने खोली शोधणारा, खासगी कंपनीत नुकताच लागलेला, वसतिगृहात सवर्ण मुलांसोबत राहणारा आपला तरुण आपली ओळख कधी आणि कुणाला सांगायची हे रोज ठरवत असतो. उघडपणे जय भीम म्हणावे असेच मला वाटते. पण कुणी, कुठे आणि कधी म्हणायचे हा ज्याचा त्याचा निर्णय आहे. तो निर्णय एखाद्या उघड्या शीटने त्याच्या वतीने घेऊ नये.

मग जात कुठेच लिहू नये का? तसे करून आपल्याला चालणार नाही. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाव्यात म्हणून मोठा लढा झाला, १९९० मध्ये घटनात्मक आदेशात दुरुस्ती झाली आणि आज त्या नोंदीवरच शिक्षण, नोकरी, शिष्यवृत्ती अवलंबून आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे ६५ लाख बौद्धांची नोंद झाली. हा आकडा आपण भाषणांत सांगतो, कारण नोंद ही आपली ताकद आहे. २०२७ च्या जनगणनेत तर जातीचीही गणना होणार आहे. तेव्हा नोंद झालीच पाहिजे. मुद्दा एवढाच, की नोंद कशासाठी घेतली, ती कुठे ठेवली आणि कोण पाहू शकतो.

याबाबत जनगणना कायदा, १९४८ पाहण्यासारखा आहे. त्याच्या कलम १५ नुसार जनगणनेतली वैयक्तिक नोंद तपासण्याचा हक्क कुणालाही नाही आणि ती नोंद एरवी कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. प्रगणक दारात येऊन तुमची जात विचारेल, पण ती नोंद शेजाऱ्याला पाहता येणार नाही. आपल्या मंडळाच्या शीटला मात्र असे कोणतेही कुलूप नसते.

ते कुलूप निघते कसे? गुगल शीट मुळात खासगीच असते. पण पाच कार्यकर्त्यांना एकाच वेळी माहिती भरायची असते. प्रत्येकाचा ई-मेल टाकत बसण्यापेक्षा कुणीतरी 'लिंक असलेल्या कोणालाही' हा पर्याय निवडतो आणि लिंक ग्रुपवर टाकतो. तिथून ती दुसऱ्या ग्रुपवर जाते. कार्यक्रम संपतो, हार सुकतात, शीट तशीच उघडी राहते. फॉर्मच्या सेटिंगमध्ये उत्तरांचा सारांश भरणाऱ्यांना दाखवण्याचा पर्यायही असतो. तो चालू राहिला तर पुढचा मुलगा आधीच्या मुलांची उत्तरे वाचू शकतो. शिवाय फॉर्मवर अपलोड केलेली कागदपत्रे संस्थेकडे जात नाहीत, ज्याने फॉर्म बनवला त्याच्या वैयक्तिक गुगल ड्राइव्हमध्ये जातात. उद्या तो मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, किंवा गट फुटून वेगळ्या पक्षात गेला (आणि आपल्याकडे गट फुटतात हे नव्याने सांगायला नको), तर शेकडो जणांचे आधार कार्ड त्याच्यासोबत जाते.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दलही एक गैरसमज आहे. संदेश एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येत नाहीत, हे खरे आहे. पण ग्रुपमधल्या प्रत्येकाचा नंबर सहसा बाकी सगळ्यांना दिसतो. ग्रुपची लिंक फेसबुकवर टाकली की कोणीही आत येऊ शकतो आणि सर्व नंबर उतरवून घेऊ शकतो. २०२० मध्ये अशा ग्रुपच्या लिंका चक्क गुगलच्या शोधात सापडत होत्या. कोण कोणाशी आणि केव्हा बोलतो, हे संदेश न वाचताही कंपनीला समजू शकते. क्लाउडवरचा बॅकअप आपण स्वतः एन्क्रिप्शन चालू केल्याशिवाय त्या सुरक्षेखाली येत नाही. महिला कार्यकर्त्यांना ग्रुपवरून नंबर उचलून रात्री-अपरात्री संदेश येतात. त्यावर उपाय म्हणून त्या ग्रुप सोडतात, आणि मग 'बायका चळवळीत पुढे येत नाहीत' अशी भाषणे होतात.

यादी चांगल्या हेतूने केली म्हणून ती चांगल्याच हातात राहते असे नाही. नेदरलँडमध्ये लोकसंख्येच्या नोंदवहीत प्रत्येक नागरिकाचा धर्म लिहिलेला असे, तोही प्रशासनाच्या सोयीसाठी. जर्मन फौजा आल्यावर ज्यू कुटुंबे शोधायला तीच नोंद कामी आली. मार्च १९४३ मध्ये प्रतिकारकांनी अ‍ॅमस्टरडॅमचे नोंदणी कार्यालय पेटवले, पण कार्डांचा थोडाच भाग नष्ट झाला. तिथल्या सुमारे ७५ टक्के ज्यूंचा बळी गेला. आपली परिस्थिती तशी आहे असे मी म्हणत नाही. पण सत्ता बदलते आणि यादी मागे राहते, हे तेवढेच खरे.

चळवळीतल्या कार्यकर्त्याला यापुढचा धोकाही असतो. भीमा कोरेगाव प्रकरणात आरोपी रोना विल्सन यांच्या संगणकाची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने तपासली. 'नेटवायर' नावाच्या घातक सॉफ्टवेअरद्वारे त्या संगणकात बाहेरून फाइली टाकल्या गेल्या, असा निष्कर्ष तिने काढला, आणि तो फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर झाला. तपास यंत्रणेला तो मान्य नाही. पण ते सॉफ्टवेअर आत कसे आले, हे त्या अहवालात प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे असे आहे. ओळखीच्या माणसाच्या ई-मेल खात्यावरून एक फाइल आली आणि ती उघडली गेली. आज लग्नपत्रिका किंवा वाहतूक चलन म्हणून येणारी एपीके फाइल याच पद्धतीने फोनचा ताबा घेते. जय भीमचा फोटो लावलेल्या नंबरवरून आली तरी ती उघडू नये.

कायदा काय म्हणतो? पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत ठेवली गेली. ज्या कामासाठी संमती घेतली त्याच कामासाठी माहिती वापरावी आणि काम झाल्यावर ती पुसावी, ही यातली चांगली बाजू. पण २०१९ च्या विधेयकात जात, जमात आणि धर्मश्रद्धा यांना 'संवेदनशील माहिती' म्हणून वेगळे संरक्षण होते, ते २०२३ च्या कायद्यात राहिले नाही. सरकार आपल्या यंत्रणांना सूट देऊ शकते. आणि याच कायद्याने माहिती अधिकाराचे कलम ८(१)(जे) बदलले, त्यामुळे 'ही वैयक्तिक माहिती आहे' असे सांगून माहिती नाकारणे अधिकाऱ्याला सोपे झाले आहे. समाजकल्याणाच्या निधीचा हिशेब मागणाऱ्यांना हे जड जाणार. दुर्बलाची माहिती उघडी आणि सत्तेची झाकलेली, हे उलटे आहे, आणि त्याला संघटितपणे विरोध झाला पाहिजे.

संमतीचा विचार आपल्याला कायद्याकडून उसना घ्यायची गरज नाही. पंचशीलातले दुसरे शील अदिन्नादाना, म्हणजे न दिलेले घेण्यापासून दूर राहणे. रक्तदानासाठी दिलेला नंबर महापालिका निवडणुकीच्या प्रचाराला वापरला, तर तो दिलेला नव्हता, घेतलेला होता. वधू-वर मेळाव्याचा बायोडाटा मुलीला न विचारता चार ग्रुपवर पाठवला, तर तेही तसेच.

काम करताना काही गोष्टी सहज जमतात. वर्गणीच्या पावतीला जात आणि जन्मतारीख लागत नाही, तर विचारू नका. आधारची प्रत घ्यायचीच असेल तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारे 'मास्क्ड' आधार घ्या, ते संकेतस्थळावरून मोफत मिळते. पूर्ण नंबर लागलाच तर तो विद्यार्थ्याने स्वतः पोर्टलवर टाकावा. फॉर्म संस्थेच्या वेगळ्या खात्यावर बनवा, त्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा आणि कोणाकोणाला प्रवेश आहे ते कार्यवृत्तात लिहा. सूचना द्यायला व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल वापरले तर सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. संवेदनशील कामाच्या छोट्या गटासाठी सिग्नल बरे. तिथे यूजरनेम ठेवून नंबर लपवता येतो. सायबर कॅफेत अर्ज भरला तर उठण्यापूर्वी डाउनलोड फोल्डरमधली कागदपत्रे पुसा आणि व्हॉट्सअ‍ॅप वेबमधून बाहेर पडा. पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० वर फोन करा, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

आणि यंदाच्या समितीच्या पहिल्या बैठकीत, मिरवणुकीचा मार्ग आणि डीजेचा वाद सुरू होण्याआधी, गेल्या वर्षीच्या सगळ्या शीट उघडा. ज्यांचे काम संपले त्या पुसा, आणि उरलेल्यांची लिंक बंद करा.