पंख्याचं विमान

लातूरच्या मार्केट यार्डात आमचं आडत दुकान आहे. २०१६ च्या पावसाळ्यात एका दुपारी तिथं गादीवर बसून मी वडिलांना दोन पत्रं वाचून दाखवली. सौदा उरकला होता, हमाल तुरीच्या कट्ट्यांवर आडवे झाले होते आणि अण्णा चष्मा कपाळावर सरकवून ऐकत होते.

पहिलं पत्र मोठ्या कंपनीचं. निवड झाली आहे, जागा निघाली की बोलावू, तोवर एअरबसचं टाइप रेटिंग स्वतःच्या खर्चानं करून ठेवा. दुसरं पत्र एका छोट्या प्रादेशिक कंपनीचं. आमच्याकडं एटीआर विमानं आहेत, त्याचं टाइप रेटिंग आम्ही करून देऊ, बदल्यात पाच वर्षांचा बाँड, प्रशिक्षण पुढच्या महिन्यात सुरू.

टाइप रेटिंग म्हणजे काय, हे अण्णांना समजावून सांगितलं. वैमानिकाचा व्यावसायिक परवाना मिळाला म्हणजे कुठलंही विमान चालवता येतं असं नाही. एसटीच्या ड्रायव्हरला साधी बस काय आणि निमआराम काय, लायसन एकच. विमानात प्रत्येक जातीच्या यंत्रासाठी वेगळं शिक्षण, सिम्युलेटरवर वेगळी परीक्षा आणि परवान्यावर वेगळी नोंद लागते. खर्च लाखांत.

अण्णांनी विचारलं, "ह्या धाकट्या कंपनीची विमानं किती?"

"बोटांवर मोजण्याएवढी."

"स्वतःची का भाड्याची?"

"भाड्याची. सगळ्यांचीच भाड्याची असतात, अण्णा. मोठ्यांचीसुद्धा."

"मग भाडं टायमावर देतेत का?"

मला माहीत नव्हतं. अण्णा म्हणाले, "तू नुसता बोर्ड बघायलीस. बोर्ड कुणीबी रंगवतंय. उधारी बघ."

तीस वर्षं आडत केलेल्या माणसाचा हा प्रश्न विमान शाळेत मला कुणी शिकवला नव्हता. आज दहा वर्षं होत आली. लातूरच्या ट्यूशन एरियातली मुलं आणि त्यांचे आईबाप मला फोन करतात, तेव्हा मी त्यांना आधी हाच प्रश्न देते. आमच्याकडं बारावी म्हटलं की नीट किंवा जेईई. लातूर पॅटर्ननं डॉक्टर आणि इंजिनिअर घडवले, पायलट कसं व्हायचं ते मात्र कुठल्याच क्लासच्या फळ्यावर नव्हतं. खरं तर वाट सरळ आहे. बारावीला फिजिक्स आणि गणित, विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएची वैद्यकीय तपासणी, हवामानशास्त्र, दिशादर्शन, नियम आणि यंत्रज्ञानाचे पेपर, रेडिओचा वेगळा परवाना आणि २०० तासांचं उड्डाण. उड्डाणाच्या शाळा आता महाराष्ट्रातच गोंदिया, बारामती, जळगाव, धुळे अशा ठिकाणी आहेत. वाट सरळ असली तरी टोलनाका जबर आहे. औशाकडची आमची साडेचार एकर जमीन बँकेकडं गहाण पडली, तेव्हा माझ्या खांद्यावर पट्ट्या आल्या.

आणि पट्ट्या आल्यावर मी दोन वर्षं घरी बसले. हे कुणी सांगत नाही. २०० तासांचा परवाना म्हणजे डी.एड. झालेल्या पोरासारखी अवस्था, कागद आहे पण शाळा नाही. कंपनीला तास झालेला वैमानिक हवा असतो, आणि कंपनीशिवाय तास होत नाहीत. प्रादेशिक विमान कंपनी हा या कोंडीतून निघायचा एक दरवाजा. मी त्यातून गेले.

नातेवाइकांना ते पटलं नाही. नांदेडच्या वजिराबादेतली मावशी पहिला फोटो पाहून म्हणाली, "अगं, हे तर पंख्याचं विमान! जुनं दिसायलंय." पंखा बघितला की आपल्याकडं लोकांना विमान जुनं वाटतं. खरं तर एटीआरच्या पंख्यामागंही टर्बाइन इंजिनच असतं. फरक एवढाच, की त्याची ताकद मोठा पंखा फिरवण्यात जाते. वेग तासाला ५०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जेटपेक्षा कमी. पण तीनचारशे किलोमीटरच्या पल्ल्यात जेटला उंच चढून वेग घेईपर्यंत उतरायची वेळ होते. तिथं पंख्याचं विमान बरंच कमी तेल पितं, आणि आखूड धावपट्टीवर उतरतं. सत्तरेक माणसं, एक तासाचा प्रवास, छोटं गाव. हे विमान त्याच हिशेबानं बनलेलं आहे.

गंमत म्हणून सांगते, प्रवासी मागच्या दारानं चढतात आणि सामानाची खोली पुढं, आमच्या कॉकपिटच्या पाठीला लागून असते. जमिनीवर वीज पुरवायला मोठ्या विमानांत शेपटीजवळ वेगळं छोटं इंजिन असतं, एटीआरला ते नाही. म्हणून उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून थांबवायचा आणि इंजिन चालूच ठेवून वीज घ्यायची. त्याला आम्ही हॉटेल मोड म्हणतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, चहा मिळतो की काय.

आता शिकायला काय मिळालं ते सांगते, कारण मुलं पगार विचारतात आणि हे विचारत नाहीत. मोठ्या जेटवरचा माझा वर्गमित्र दिवसाला बहुतेक दोन उड्डाणं करायचा. मी चार, कधी त्याहून जास्त. प्रत्येक उड्डाणाला एक टेकऑफ, एक लँडिंग. जेट ढगांच्या वरून जातं, तर एटीआरची कमाल उंचीच २५ हजार फूट. जूनमध्ये मराठवाड्यावर वळवाचे ढग त्याहून कितीतरी वर गेलेले असतात. वरून जाता येत नाही, मग वळसा घ्यायचा, रडारवर फट शोधायची, तेल मोजायचं आणि गरज पडली तर परत फिरायचं. धावपट्टी छोटी, मदतीची उपकरणं कमी, आडवा वारा. ह्या सगळ्यात हात बसतो. माझ्या पहिल्या कॅप्टननं, हैदराबादी माणूस, पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की इथं ऑटोपायलट तुला झोपू देणार नाही.

पण हात बसण्याला दुसरी बाजूही आहे. जानेवारी २०२३ मध्ये नेपाळात पोखऱ्याला एटीआर पडलं, ७२ माणसं गेली. चौकशीत निघालं की उतरताना फ्लॅपच्या दांड्याऐवजी शेजारचे, पंख्याच्या पात्यांचे दांडे ओढले गेले होते. पाती वाऱ्याला समांतर झाली आणि ओढ संपली. हात सवयीनं जातो तिथंच चुकतो. छोट्या पल्ल्याच्या उड्डाणांत दिवसाला तेच तेच चार वेळा करावं लागतं, म्हणून दरवेळी पहिल्यांदा केल्यासारखं दांडा डोळ्यांनी बघून, तोंडानं म्हणून हलवायचा. थकवा हा ह्या नोकरीतला खरा शत्रू. आपल्याकडं वैमानिकांची आठवड्याची विश्रांती ३६ तासांची ४८ तास व्हायला जुलै २०२५ उजाडावं लागलं, ह्यावरून काय ते समजा.

अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर मला वर्षभरात मिळालं. आधी पगार दहा दिवस उशिरा, मग महिनाभर. मग विमानतळाच्या कोपऱ्यात एक विमान उभं राहिलं, इंजिनाच्या तोंडांना लाल झाकणं लावलेलं. पुढं त्याचे सुटे भाग काढून दुसऱ्याला बसवायला लागले. लाल झाकणं वाढत गेली, उड्डाणं कमी झाली. दीड वर्षात कंपनी बसली. माझे तीन पगार बुडाले. नाव लिहीत नाही, ते दुकान आता नाही. पाच वर्षांचा बाँडही रद्दीत गेला.

ही माझ्या एकटीची कहाणी नाही. एअर पेगासस, एअर कार्निव्हल, एअर कोस्टा ही नावं आता कुणाला आठवत नाहीत, सगळ्या कंपन्या दोनचार वर्षांच्या आत मिटल्या. आमच्या भागाला जवळचं उदाहरण ट्रूजेटचं. मी त्या कंपनीत कधी नव्हते, पण नांदेडकर ती विसरणार नाहीत. २७ एप्रिल २०१७ ला पंतप्रधानांनी शिमल्याहून, छोटी गावं विमानानं जोडणाऱ्या उडान योजनेच्या पहिल्या उड्डाणांना झेंडा दाखवला, त्यात नांदेड-हैदराबाद हे एक होतं, ट्रूजेटचं एटीआर. मावशीनं त्या दिवशी मला फोन करून सांगितलं, तुझं पंख्याचं विमान आमच्या गावात आलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रूजेटची उड्डाणं थांबली.

उडानचा हिशेब समजून घेतला पाहिजे, कारण नोकरीचं आयुष्य त्यावर ठरतं. योजनेत विमानातल्या साधारण निम्म्या जागांचं भाडं बांधलेलं असतं. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला २५०० रुपये होतं. त्यात तोटा येतो तो सरकार भरून देतं, पण तीन वर्षंच. तोवर मार्गावर पूर्ण भाडं देणारे प्रवासी तयार झाले तर ठीक, नाहीतर चौथ्या वर्षी विमान दुसऱ्या गावाला जातं. अण्णांच्या भाषेत, हमीभावावर पेरलेलं पीक. खरेदी केंद्र बंद झाल्यावर बाजारात त्याला काय भाव मिळेल, हे पेरतानाच बघायचं असतं.

नांदेडला निदान गिऱ्हाईक आहे. शिखांच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबला पंजाबातून वर्षभर यात्री येतात. २००८ मध्ये गुरुता गद्दीला, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबाला गुरुपद दिल्याला, ३०० वर्षं झाली, तेव्हा विमानतळ नव्यानं उभा राहिला तो ह्याच यात्रेसाठी, आणि त्याला नावही गुरू गोविंदसिंगजींचंच आहे. पुढं एअर इंडियानं अमृतसर जोडलं. २०२४ पासून कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर तिथून आदमपूर, हिंडन, बंगळुरूकडं उडू लागली, तीसुद्धा ७६ आसनी एम्ब्रेअर जेटनं. मावशीला आता पंखा दिसत नाही, त्यामुळं ती खूश आहे. अधूनमधून विचारते, तू कधी उतरवणार नांदेडला? मी नांदेडला एकदाही विमान उतरवलेलं नाही. वरून मात्र शेकडो वेळा गेले. स्वच्छ दिवशी विष्णुपुरीचा जलाशय आधी दिसतो, मग गोदावरीचं वळण आणि उत्तरेला सांगवीची धावपट्टी.

तर कंपनी बसली, तीन पगार बुडाले, जमीन गहाण. मग माझी निवड चुकली का? नाही, आणि इथंच अण्णांचा हिशेब अर्धा होता. आडतीत दुकान बुडालं की माल बुडतो. वैमानिकाचा माल त्याच्या लॉगबुकात असतो आणि ते कुणी जप्त करू शकत नाही. माझ्याकडं एटीआरचं रेटिंग आणि हजाराच्या आसपास तास होते. डिसेंबर २०१७ मध्ये इंडिगोनं एटीआर सुरू केली आणि त्या विमानावर हात बसलेल्या वैमानिकांना बाजारात एकाएकी भाव आला. दोन महिन्यांत मला दुसरीकडं काम मिळालं. कुठं ते लिहायला कंपनीची परवानगी लागते, म्हणून राहू दे. कॅप्टन होण्यासाठी जो वरच्या दर्जाचा परवाना लागतो, त्याला १५०० तास लागतात. त्याचे पेपर दिले आणि पाच वर्षांनी डावी, कॅप्टनची खुर्ची मिळाली. मोठ्या कंपनीची वाट बघत बसलेला माझा मित्र तोवर उजव्या, सहवैमानिकाच्या खुर्चीतच होता.

मात्र त्याची बाजू सांगितली नाही तर लबाडी होईल. विमान कंपनीत सगळं ज्येष्ठता यादीवर चालतं, आणि यादी रुजू झालेल्या तारखेवर. मी आज जेटवर गेले तर नवं टाइप रेटिंग करून पुन्हा तळाला जाईन. सुट्टी, बेस, बढती, सगळं माझ्यानंतर परवाना काढलेल्या पोरांच्या मागून. शिवाय निघायचं म्हटलं तरी डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानं कॅप्टनला एक वर्षाची नोटीस द्यावी लागते, सहवैमानिकाला सहा महिन्यांची. म्हणून मोठी कंपनी रुजू होण्याची पक्की तारीख देत असेल तर तिकडं जा, हे मी स्पष्ट सांगते. "बोलावू तेव्हा या" ही तारीख नव्हे.

आणि छोट्या कंपनीकडं जाणार असाल तर मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिच्या विमानतळावर जाऊन या. उभी विमानं मोजा, लाल झाकणं मोजा. कँटीनमध्ये एखाद्या इंजिनिअरला किंवा लोडरला पगाराची तारीख विचारा. कॅप्टनला विचारू नका, तो अब्रू राखून बोलतो. कंपनीचे मार्ग उडानच्या पैशावर किती आणि स्वतःच्या गिऱ्हाइकावर किती, ते बघा. बाँडवर सही करण्याआधी कंपनीच बंद पडली तर काय, ह्याचं कलम त्यात आहे का, हे वकिलाकडून वाचून घ्या. सहा महिन्यांचे कर्जाचे हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय सही करू नका. मी ठेवले नव्हते. तुरीला त्या वर्षी भाव नव्हता आणि अण्णांनी आईच्या पाटल्या मोडल्या. ते मला वर्षभरानं कळलं.

सध्या दिवस बरे आहेत. मार्च २०२४ पासून गोव्याची फ्लाय९१ एटीआर उडवते आहे, जळगाव आणि सोलापूर त्यांनी जोडलं. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीला मुंबईहून अलायन्स एअरचं एटीआर उतरलं. ह्या सगळ्यांना उजव्या खुर्चीत बसायला पोरं-पोरी लागणार आहेत.

राहिलं लातूर. राजीव गांधींच्या काळात नागरी विमान वाहतूक खातं सांभाळणारे शिवराज पाटील चाकूरकर आमच्याच जिल्ह्यातले, आणि १९९१ पासून लातूरला विमानतळ आहे. नियमित प्रवासी विमान मात्र नाही. सुट्टीवर घरी यायचं तर मी हैदराबादहून ट्रॅव्हल्सनं येते, गणवेशाची बॅग मांडीवर घेऊन. लातूरची धावपट्टी २३०० मीटर लांब आहे. गाव सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर, वर मे महिन्याचं ऊन, हवा विरळ. विमानाला थोडी जास्त धाव घ्यावी लागते. हे सगळं धरून मी एकदा दुकानातल्या वहीवर अण्णांना आकडे मांडून दाखवले. भरलेल्या एटीआरला २३०० मीटर पुरून उरतात.