विश्लेषण : फाइलमधील एका आकड्याने बोर्ड का जळू शकतो?

रास्पबेरी पाय, बीगलबोन यांसारख्या छोट्या बोर्डांवर लिनक्स चालते. अनेक राउटर आणि सेट-टॉप बॉक्समध्येही असेच बोर्ड असतात. त्यावरील कोणत्या भागाला किती व्होल्ट मिळावेत, याची नोंद एका साध्या फाइलमध्ये असते. ती चुकली तर कधी वाय-फाय बंद पडते, कधी बॅटरी लवकर उतरते, क्वचित चिपच जळते.

डिव्हाइस ट्री म्हणजे काय?

यूएसबी उपकरण जोडले की ते स्वतःची ओळख सांगते. बोर्डावर सोल्डर केलेल्या बहुतेक चिप तसे सांगत नाहीत. त्यांची माहिती लिनक्सच्या कर्नलला ‘डिव्हाइस ट्री’ या फाइलमधून मिळते. एआरएम प्रोसेसरसाठीच्या कोडमधील गोंधळावर लायनस टॉरवॉल्ड्स यांनी २०११ मध्ये नाराजी व्यक्त केली. त्यानंतर बोर्डांची माहिती कोडमधून काढून या फाइलमध्ये नेण्याला वेग आला.

रेग्युलेटर काय करतो?

समजा, अडॅप्टरमधून ५ व्होल्ट येतात. मेमरी कार्डाला मात्र ३.३, तर प्रोसेसरच्या गाभ्याला साधारण १ व्होल्ट लागतो. रेग्युलेटर ज्याला त्याला हवे तेवढे, स्थिर व्होल्टेज पुरवतो. फाइलमध्ये त्याची किमान व कमाल मर्यादा मायक्रोव्होल्टमध्ये लिहितात. ३.३ व्होल्ट म्हणजे ३३०००००.

सर्वात धोकादायक चूक कोणती?

रेग्युलेटरच्या माहितीपत्रकातील मर्यादा जशीच्या तशी उतरवणे. समजा, तो ०.९ ते ३.३ व्होल्ट देऊ शकतो, पण त्याला जोडलेला सेन्सर १.८ व्होल्टचाच आहे. मग किमान आणि कमाल, दोन्हीकडे १८००००० हवे. ही नोंद रेग्युलेटरच्या क्षमतेची नसून त्या बोर्डावर काय सुरक्षित आहे याची असते. कर्नल तिच्यावर विश्वास ठेवतो. एखाद्या ड्रायव्हरने ३.३ व्होल्ट मागितले आणि फाइलमध्ये तेवढी मुभा असली, तर ते दिले जातात. सेन्सरला ते सोसतील का, हे कर्नलला ठाऊक नसते.

जोडणी लिहायची राहिली तर?

वाय-फाय चिपला वीज कोणत्या रेग्युलेटरकडून मिळते, हे लिहिलेच नाही असे समजा. कर्नल तिच्यासाठी नावापुरता ‘डमी’ रेग्युलेटर धरतो. खरा रेग्युलेटर मात्र कुणीच वापरत नाही असे समजून तो बंद करतो. अलीकडच्या कर्नलमध्ये हे सुरू झाल्यावर सुमारे ३० सेकंदांनी घडते. म्हणून बोर्ड नीट सुरू होतो आणि अर्ध्या मिनिटात वाय-फाय गायब!

‘ऑलवेज-ऑन’ लिहिले की झाले?

तात्पुरते काम भागते, पण चूक झाकली जाते आणि गरज नसतानाही वीज खर्च होते. प्रोसेसरचा गाभा, रॅम अशा कधीच बंद न होणाऱ्या भागांसाठीच ही नोंद योग्य आहे.

खात्री कशी करायची?

सर्किटचा आराखडा समोर ठेवून प्रत्येक रेग्युलेटरची वीज कुठून येते, कुठे जाते आणि पुढच्या भागाला किती सोसते, हे पाहावे. कर्नलसोबतचे तपासणी साधन लिहिण्यातील चुका दाखवते. पण तुमच्या बोर्डावर कोणता सेन्सर आहे हे त्याला कळत नाही. म्हणून शेवटी मल्टिमीटर लावून आकडा पडताळावाच.