तार पुन्हा जिवंत होते तेव्हा

वर्धा जंक्शनला फलाटावरून वर पाहिलं की रुळांच्या मधोमध एक तांब्याची तार जाताना दिसते. जाडी जेमतेम बारा मिलिमीटर, दाब २५ हजार व्होल्ट. सुमारे ६००० हॉर्सपॉवरचं इंजिन पँटोग्राफची कार्बनपट्टी या तारेला घासत धावतं आणि अख्खी मालगाडी ओढून नेतं. ही तार अचानक मेली तर?

बऱ्याचदा काही मिनिटांतच ती पुन्हा जिवंत होते, आणि ते कसं घडतं हे कळल्यावर मी थक्क झालो. साधारण ४० ते ६० किलोमीटरांवर रेल्वेचं एकेक वीज उपकेंद्र असतं. शेजारशेजारच्या उपकेंद्रांची वीज वेगवेगळ्या फेजची असल्यामुळे ती एकमेकींना भिडता कामा नये, म्हणून दोघांच्या मध्ये तारेचा एक छोटा, वीज नसलेला तुकडा ठेवतात. हा न्यूट्रल सेक्शन. तो येण्याआधी लोको पायलट इंजिनाचा ब्रेकर उघडतो, गाडी वेगाच्या जोरावर पुढे सरकते आणि पलीकडे गेल्यावर शेजारची वीज घेते.

उपकेंद्राचा ट्रान्सफॉर्मर बिघडला की याच हद्दीवर खरी करामत होते. दूरच्या नियंत्रण कक्षात बसलेला ट्रॅक्शन पॉवर कंट्रोलर आधी बिघडलेल्या उपकेंद्राला तारेपासून तोडतो. ते नक्की तुटलं याची खात्री झाल्यावरच तो न्यूट्रल सेक्शनवरून जोड देतो आणि शेजारच्या उपकेंद्राची वीज हद्द ओलांडून इकडे येते. क्रम उलटा झाला तर दोन फेज भिडतील! मात्र एका उपकेंद्राने दोघांचा भार उचलायचा म्हणजे तारेतला दाब उतरतो. तो १९ हजार व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नसतो, म्हणून गाड्या अंतर ठेवून सोडाव्या लागतात.

पण शेजारीही अंधारात असेल तर? १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबईत नेमकं हेच झालं. मुंबईला वीज आणणाऱ्या कळवा-पडघा ४०० केव्ही वाहिनीचं एक सर्किट दुरुस्तीसाठी बंद होतं आणि भार वाहणाऱ्या दुसऱ्यात बिघाड झाला. दहाच्या सुमारास लोकल जागच्या जागी थांबल्या. करोनाचे दिवस होते, गाड्या फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी चालत होत्या. म्हणजे अडकलेल्यांत रुग्णालयांकडे निघालेली माणसंही होती.

अशा वेळी नुसता खटका दाबून भागत नाही. औष्णिक केंद्राचे पंप आणि पंखे सुरू करायलाच आधी वीज लागते. जलविद्युतला मात्र फार थोडी पुरते: झडपा उघडल्या की पाणीच टर्बाइन फिरवतं. म्हणून त्या दिवशी मुंबईतल्या ट्रॉम्बे औष्णिक केंद्राच्या संचांबरोबर टाटांचे सह्याद्रीतले जलविद्युत संचही कामाला लागले. वीज परत जोडतानाही भार थोडाथोडाच चढवायचा, कारण ग्रिडची वारंवारता ५० हर्ट्झच्या अगदी जवळ राहिली पाहिजे. ती फार घसरली तर आलेली वीज पुन्हा जाते.

आणि ही वारंवारता एकट्या मुंबईची नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाला जोडली, तेव्हापासून सगळा देश एकाच ठेक्यावर चालतो. छत्तीसगडची कोळशाची वीज ७६५ केव्हीच्या तारांवरून पश्चिमेकडे येते ती वर्ध्याच्या उपकेंद्रातून. दादरच्या लोकलवरच्या तारेतली वीज आणि वर्ध्याच्या शिवारातला पंप फिरवणारी वीज एकाच लयीत दिशा पालटते, सेकंदाला शंभर वेळा.

१२ ऑक्टोबरच्या त्या सोमवारी मुंबईत वीज परतू लागली तसा हार्बर मार्ग अकराच्या सुमारास हलला. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाला साडेबाराच्या आसपासपर्यंत थांबावं लागलं.