गाठीतलं पाणी काय बोलतं?

बालमित्रांनो, कलिंगड घेताना तुमचे बाबा काय करतात? बोटाने टिचकी मारतात, कान लावतात आणि म्हणतात, "हे घ्या, पिकलंय!" कलिंगड न कापता आतली बातमी बाहेर! डॉक्टरही पोटावर बोट ठोकून आत काय चालले आहे याचा अंदाज घेतात. पण गाठ डोक्याच्या कवटीच्या आत असेल तर? तिथे टिचकी कोण मारणार?

ती टिचकी मारते एमआरआय नावाचे यंत्र. मराठीत या तपासणीला 'चुंबकीय अनुनाद प्रतिमा' म्हणतात. नाव मोठे आहे, पण घाबरू नका!

आमच्या कन्नडमध्ये कुणाला ही तपासणी सांगितली की घरात एकदम शांतता पसरते. संभाजीनगरला जायची तयारी होते आणि मोठी माणसे हळू आवाजात बोलू लागतात. माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीने मला विचारले, "सर, यंत्रात गाठीचा फोटो निघतो ना? मग गाठ कसली आहे ते फोटोत का नाही दिसत?"

प्रश्न अगदी नेमका होता. त्याचे उत्तर असे, की एमआरआय म्हणजे फोटो नव्हेच! हे यंत्र आपल्या शरीरातल्या पाण्याला प्रश्न विचारते आणि त्याची उत्तरे चित्रात मांडते.

पाण्याचे लेझीम

मोठ्या माणसाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पाणीच असते. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. या अणूचे केंद्रक एखाद्या इवल्याशा चुंबकासारखे वागते. एरवी या चुंबकांची तोंडे कुठेही वळलेली असतात. यंत्रातला चुंबक मात्र भलताच जोरदार! नेहमीचे यंत्र दीड टेस्लाचे असते, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. त्याच्यापुढे यातले थोडे जास्त चुंबक एका दिशेला झुकतात. मग यंत्र रेडिओच्या लहरी सोडून त्यांना ढकलते. लहरी थांबल्या की ते पुन्हा मूळ जागी येऊ लागतात आणि येता येता स्वतःच क्षीण लहरी सोडतात. यंत्र त्या ऐकते.

आता शाळेतले लेझीम आठवा. हलगी वाजते तोवर सगळे एका तालात. हलगी थांबली, तरी थोडा वेळ ताल टिकतो. पोरे ऐसपैस मैदानात असतील तर जास्त वेळ टिकतो. दाटीवाटीने उभी असतील तर एकमेकांना धक्के लागून लगेच बिघडतो. शरीरातल्या पाण्याचेही तसेच, बरं का! मोकळ्या पाण्याचा ताल लांबतो, दाट भागातल्या पाण्याचा लवकर मोडतो. ताल किती वेळ टिकला हे यंत्र मोजते, आणि मूळ जागी परतायला किती वेळ लागला हेही मोजते. ही त्याची दोन घड्याळे.

गाठ कशाची?

या घड्याळांवरून गाठीत काय भरले आहे ते उलगडू लागते. गाठीत नुसते पाणी असेल तर ताल लांबतो आणि तालाच्या चित्रात ती पांढरीशुभ्र दिसते. चरबीची गाठ असेल तर तिच्यातले हायड्रोजन चटकन मूळ जागी परततात, म्हणून परतण्याच्या चित्रात ती पांढरी दिसते. मग डॉक्टर यंत्राला सांगतात, "आता चरबीला गप्प कर." पुढच्या चित्रात तीच गाठ काळी पडली की ओळख पटली! चरबीच्या अशा साध्या गाठी बहुतेक निरुपद्रवी असतात.

आणखी एक प्रश्न यंत्र विचारते: "पाण्या, तुला हिंडायला जागा आहे का?" रिकाम्या मैदानात तुम्ही धावता, पण आठवडी बाजाराच्या गर्दीत जागचे हलता येत नाही. पेशी भराभर वाढून खच्चून भरल्या असतील, तर त्यांच्या मधले पाणी अडकून पडते. या तपासणीच्या चित्रात असा भाग चमकतो.

काही वेळा शिरेतून गॅडोलिनियमयुक्त औषध देतात. गाठीतल्या रक्तवाहिन्या कच्च्या, गळक्या असतील तर औषध तिथे झिरपते आणि तो भाग उठून दिसतो.

मुंबईशी नाते

पदार्थाची घडण चुंबकाने ओळखण्याच्या या विद्येत एका भारतीय शास्त्रज्ञाचा वाटा आहे. त्यांचे नाव डॉ. एस. एस. धर्मट्टी. १९५१ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आर्नॉल्ड व पॅकार्ड यांच्यासोबत त्यांनी अल्कोहोल तपासले. त्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे सहा अणू असतात. पण सहांनी एकच उत्तर दिले नाही! तीन, दोन आणि एक असे गट पडले आणि प्रत्येक गटाचा सूर निराळा निघाला. शेजारी कोण आहे यावर अणूचा सूर ठरतो, हे त्यातून स्वच्छ दिसले. पुढे डॉ. होमी भाभांनी स्थापन केलेल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. धर्मट्टींनी याच विषयाचे काम उभे केले.

हेच सूर आज मेंदूतल्या गाठीतही ऐकता येतात. पेशींची आवरणे झपाट्याने बनत असतील तर कोलीन नावाच्या द्रव्याचा सूर वाढतो. मेंदूच्या निरोगी चेतापेशी कमी झाल्या की त्यांच्या खास द्रव्याचा सूर मंदावतो.

१९७१ साली रेमंड डमेडियन यांनी उंदरांच्या गाठींतले तुकडे तपासले. तिथले पाणी निरोगी भागातल्या पाण्यापेक्षा उशिरा मूळ स्थितीला येते, असे त्यांना आढळले. १९७३ साली पॉल लॉटरबर यांनी या लहरींपासून चित्र कसे काढायचे ते दाखवले. त्यांचे पहिले चित्र कशाचे होते ठाऊक आहे? पाणी भरलेल्या दोन बारीक नळ्यांचे! पुढे २००३ साली लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

शेवटचा शब्द कुणाचा?

मग चित्र पाहिले की निकाल लागला? नाही! सुजलेला निरोगी भागही कधी कधी गाठीसारखेच उत्तर देतो. म्हणून डॉक्टर एका उत्तरावर विसंबत नाहीत, अनेक चित्रे शेजारी ठेवून पाहतात. तरीही शंका राहिली तर गाठीचा छोटा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. हा तुकडा नेमका कुठून घ्यायचा, हे एमआरआय दाखवते. एकाच गाठीचा एक भाग शांत आणि दुसरा भाग जोमाने वाढणारा असू शकतो. सुई शांत भागात गेली तर चुकीचा दिलासा मिळेल!

पालकांसाठी दोन शब्द. "सुई लावली की गाठ पसरते" असे आपल्याकडे सर्रास म्हणतात आणि त्या भीतीने तपासणी लांबवतात. योग्य ठिकाणी, तज्ज्ञांच्या हातून झालेल्या तपासणीत असा धोका फारच कमी असतो. तपासणी लांबवल्याने होणारे नुकसान मात्र मोठे असते. प्रत्येक गाठ म्हणजे कॅन्सर नव्हे, पण प्रत्येक नवी गाठ डॉक्टरांना दाखवायलाच हवी.

आणि मुलांनो, तुमच्या घरातल्या कुणाला एमआरआयला जायचे असेल, तर त्यांना तुम्ही धीर द्या. सांगा, की या यंत्रात क्ष-किरण नसतात. ठकठक, घरघर असा मोठा आवाज येतो, तो आतल्या तारांच्या वेटोळ्यांचा. स्थिर पडून राहायचे, एवढेच काम! मात्र तिथे लोखंडाची वस्तू अजिबात न्यायची नाही. शरीरात पेसमेकर किंवा धातूचा तुकडा असेल तर आधीच सांगायचे. २०१८ च्या जानेवारीत मुंबईत एका रुग्णाच्या नातेवाइकाने ऑक्सिजनचा सिलिंडर त्या खोलीत नेला. चुंबकाने तो खेचून घेतला आणि त्या माणसाचा जीव गेला. म्हणून तिथल्या कर्मचाऱ्यांचे शब्दशः ऐकायचे.

करून पाहा

दोन काचेचे पेले घ्या. एकात साधे पाणी भरा. दुसरा भिजवलेल्या साबुदाण्याने गच्च भरा आणि साबुदाणा बुडेल एवढेच पाणी घाला. दोन्ही पेल्यांत शाईचा एकेक थेंब अलगद सोडा. कुठे शाई लवकर पसरते? कुठे रेंगाळते? साबुदाणा म्हणजे पेशी समजा. मग न कापता गाठीतली गर्दी कशी ओळखतात, ते तुम्हीच घरच्यांना समजावून सांगा!