साथीदारांचा मान

गायक-वादकांस पदक देऊन गौरवावें, ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. दरबारच्या शालजोडीपासून सरकारी सन्मानपत्रापर्यंत तिचीं अनेक रूपें आपण पाहिलीं आहेत. प्रश्न आहे तो इतकाच, कीं हा गौरव करावयाचा कोणीं? राजानें, सरकारनें, रसिकांच्या मंडळानें, कीं ज्यांचें आयुष्य त्याच व्यवसायांत गेलें अशा समव्यवसायी मंडळींनीं?

हा प्रश्न वरवर दिसतो तितका निरुपद्रवी नाहीं. आम्ही नाशिकास इंदिरानगरांत राहतों. सायंकाळीं येथील कित्येक घरांतील मुलेंमुली पेटी-तबल्याच्या शिकवणीस जातात आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांसही बसतात. प्रमाणपत्र आलें म्हणजे घरांत पेढे वांटले जातात. परंतु त्यांतील एखादा मुलगा, ‘मी तबल्याची साथ करूनच पोट भरीन,’ असें म्हणूं लागला कीं तीच वडील मंडळी एकाएकीं गप्प होतात. त्यांस संगीताचा तिटकारा असतो असें नव्हे. उतारवयांत हात थकल्यावर या मुलाकडे कोण पाहील, ही त्यांची चिंता असते, आणि ती खोटी आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं.

या संदर्भांत अमेरिकेंतील एका वार्षिक मेळाव्याची हकीकत आमच्या वाचकांस मनोरंजक वाटेल. तिकडे ‘ब्लूग्रास’ नांवाचा वाद्यसंगीताचा व गायनाचा एक प्रकार आहे. केंटकी संस्थानांत १९११ सालीं जन्मलेल्या बिल मन्रो या मेंडोलिनवादकाच्या ‘ब्लू ग्रास बॉईज’ या ताफ्यावरून त्यास हें नांव पडलें. आयर्लंड-स्कॉटलंडकडून आलेल्या लोकांच्या चाली आणि आफ्रिकेंतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांबरोबर गेलेल्या वाद्याचा वंशज बँजो, यांचा त्यांत संगम झाला आहे. या प्रकारांत एक वाद्य पुढें येऊन आपली करामत दाखवितें, मग मागें सरून दुसऱ्यास जागा देतें. आतां जो प्रमुख, तोच पुढच्या क्षणीं साथीदार!

या कलावंतांनीं १९८५ सालीं आपली एक आंतरराष्ट्रीय संस्था स्थापिली. तिचा वार्षिक मेळावा प्रथम केंटकींतील ओवेन्सबरो या लहानशा गांवीं भरत असे. पुढें त्यानें लुइव्हिल व नॅशव्हिल हीं शहरें पाहिलीं, २०१३ ते २०२४ पर्यंत तो रॅले येथें झाला आणि २०२५ सालीं टेनेसी संस्थानांतील चॅटनूगा येथें गेला. दिवसा करारमदार, ध्वनिमुद्रण, शिक्षण अशा रोखठोक विषयांवर चर्चा होतात. एका दालनांत वाद्यें घडविणारे कारागीर आपला माल मांडून बसतात. आणि रात्रीं उतारूंच्या खोल्यांबाहेरील बोळांत, एकमेकांस न ओळखणारे वादक वर्तुळ करून पहांटेपर्यंत वाजवीत बसतात.

याच मेळाव्यांत १९९० पासून पुरस्कार दिले जातात. संस्थेचे व्यावसायिक सभासद मतें देऊन ते ठरवितात. आम्हांस विशेष वाटलें तें हें, कीं बँजो, फिडल, मेंडोलिन, गिटार, बास अशा प्रत्येक वाद्याच्या वादकास स्वतंत्र मान आहे. जो बास मागें उभा राहून केवळ आधार देतो, त्याच्या वादकासही! याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, संकटांत सांपडलेल्या समव्यवसायी बंधूंसाठीं त्यांनीं साहाय्यनिधि उभारला आहे. मतदान आलें कीं मैत्री व गटबाजीही आली, हें आम्ही जाणतों. तो दोष तिकडेही असणारच. पण निधीची गोष्ट मात्र निर्विवाद स्पृहणीय आहे.

आपल्याकडे असें कांहींच घडलें नाहीं, असें मात्र कोणीं समजूं नये. पंडित भातखंडे यांनीं १९१६ सालीं सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरविली. पुढें दिल्ली, काशी व लखनौ येथेंही परिषदा झाल्या. तेथें नुसतें गाणें नव्हे, तर रागांच्या स्वरूपावर वाद झाले. दुसरीकडे विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून, गवई हा समाजांत ताठ मानेनें वावरणारा गृहस्थ व्हावा म्हणून देह झिजविला. मुंबईच्या विद्यालयाची इमारत कर्जापायीं गेल्यावर ते आमच्या नाशिकास येऊन पंचवटींत रामनाम-आधार आश्रमांत राहिले. १९३१ सालीं मिरजेस त्यांचा अंत झाला. गवयाच्या प्रतिष्ठेसाठीं झटलेला पुरुष कर्जानें पोळून ज्या गांवीं आला, त्या गांवास या प्रश्नाचें थोडें अधिक अगत्य असावें.

सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यास होणारा महोत्सव तर आज सर्वश्रुत आहे. भीमसेन जोशी यांनीं तो नांवारूपास आणिला, आणि त्यांच्या पत्नी वत्सलाबाई यांच्या नांवें तेथें पुरस्कारही दिला जातो. थंडींत सतरंजीवर बसून हजारों माणसें ऐकतात, हें दृश्य कोणासही अभिमानास्पद वाटेल. पण तो श्रोत्यांचा उत्सव आहे. व्यवसायाची बैठक नव्हे.

विलंबित एकतालाचें एक आवर्तन कधीं कधीं मिनिटभर चालतें. गायक स्वरांत हरवलेला असतां तितका वेळ बारा मात्रा रेसभरही न ढळूं देतां धरून ठेवणें, हें काम करून पाहिल्यावांचून कळत नाहीं. पेटीवाल्यानें गायकाची पुढची जागा ओळखावयाची, पण तिच्यापुढें धांवावयाचें नाहीं. पाठीमागें तंबोरा धरणारा शिष्य तर टाळ्यांतही मोजला जात नाहीं. मिरजेच्या तंबोऱ्यास व सतारीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, हें उत्तम झालें. परंतु भोपळा निवडून जवारी लावणारा हात रंगमंचावर कितीदां बोलाविला जातो?

गायकांची निवड मतांनीं व्हावी असें आम्ही म्हणणार नाहीं. घराणें, गुरु आणि काळ हे परीक्षक तेथें पुरेसे कठोर आहेत. साथीदाराची गोष्ट निराळी. त्याची पारख गायकाइतकी कोणास असणार? म्हणून गायकांनीं साथीदार निवडावेत, आणि साथीदारांनीं वाद्यें घडविणारे निवडावेत.

नाशिकास कालिदास कलामंदिरासारखें नाट्यगृह आहे. वर्षांतून एक दिवस तेथें सकाळीं तबल्यास शाई भरणाऱ्यांनीं आपलें काम दाखवावें, दुपारीं बिदागी, आजारपण व म्हातारपण यांविषयीं दार लावून मोकळेपणानें बोलणें व्हावें, आणि रात्रीं पुढें कोण व मागें कोण हें न ठरवितां वाजवावें. पहिल्या वर्षीं पदक नसलें तरी चालेल. साथीदारांचें जाण्यायेण्याचें भाडें मात्र आधीं त्यांच्या हातांत पडावें.