ऐकावे जनाचे, करावे मनाचे... आणि गेम घ्यावा कोणाचे ऐकून?

मित्रांनो, होस्टेलवाल्याने गेम विकत घेणं म्हणजे चेष्टा नाही. नवा मोठा गेम ३-४ हजारांना पडतो, म्हणजे जवळजवळ महिन्याभराचं मेस बिल! त्यामुळे आपण आधी रिव्ह्यू बघतो, आणि तिथेच गोची होते. समीक्षक म्हणतो '१० पैकी ९' आणि त्याच गेमखाली ग्राहक शिव्या घालतात. आता विश्वास कोणावर ठेवायचा?

आधी समीक्षकांचं बघू. गेम खेळणं हेच त्यांचं काम. शेकडो गेम पाहिलेले असल्यामुळे कथा कुठे रेंगाळते, कंट्रोल कुठे दगा देतात, नवीन काय आणि कॉपी काय हे ते नीट सांगतात. पण बहुतेक वेळा त्यांना गेम कंपनीकडूनच, आधी आणि फुकट मिळतो. 'सायबरपंक २०७७' हा गेम १० डिसेंबर २०२० ला आला. त्याआधी समीक्षकांना फक्त पीसीची कॉपी दिली होती आणि स्वतः रेकॉर्ड केलेली दृश्यं दाखवायला बंदी होती. मार्क भरघोस पडले. मग ज्यांनी तो जुन्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर घेतला, त्यांच्याकडे गेम अडकायला आणि बंद पडायला लागला. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढला, तो परत आला जून २०२१ मध्ये. समीक्षक खोटं बोलले नव्हते. रीडिंग बरोबर होतं, पण मशीन वेगळं होतं!

दुसरी अडचण जाहिरातींची. २००७ मध्ये गेमस्पॉटवर 'केन अँड लिंच' या गेमच्या जाहिराती झळकत होत्या आणि तिथल्याच जेफ गर्स्टमन यांनी त्याला १० पैकी फक्त ६ दिले. थोड्याच दिवसांत त्यांची नोकरी गेली. त्यामागे जाहिरातदारांचा दबाव होता हे त्यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितलं.

मग ग्राहकच खरे का? ते स्वतःच्या खिशातले पैसे घालतात, आपल्यासारख्याच साध्या मशीनवर खेळतात, हे खरं. पण तिथेही झुंडशाही चालते. 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' हा गेम १९ जून २०२० ला आला. पूर्ण करायला २० तासांहून जास्त लागतात, पण मेटाक्रिटिकवर पहिल्याच दिवशी हजारो जणांनी शून्य देऊन टाकलं. समीक्षकांची सरासरी मात्र नव्वदीच्या पुढे! त्यानंतर मेटाक्रिटिकने गेम आल्यावर पहिले ३६ तास ग्राहकांचे मार्क घेणंच थांबवलं.

म्हणून राग आला की सगळं खोटं, असंही नाही. मे २०२४ मध्ये 'हेलडायव्हर्स २' च्या पीसी खेळाडूंवर प्लेस्टेशनचं खातं उघडण्याची सक्ती होणार होती. कित्येक देशांत ते खातंच उघडता येत नाही. काही दिवसांत २ लाखांवर नकारात्मक रिव्ह्यू पडले आणि सोनीने माघार घेतली. गेम कसा आहे हे त्या रिव्ह्यूंवरून कळत नव्हतं, पण घेणाऱ्याला ती अट कळणं तितकंच गरजेचं होतं.

आता आकड्यांकडे वळू. स्टीमवर ९०% दिसलं की आपण ९० मार्क समजतो. चूक! त्याचा अर्थ एवढाच, की १०० पैकी ९० जणांनी अंगठा वर केला. सगळ्यांना गेम 'ठीकठाक' वाटला तरी १००% होऊ शकतात. उलट निम्म्यांना जीव की प्राण आणि निम्म्यांना डोकेदुखी वाटणारा गेम 'मिक्स्ड' मध्ये जातो, आणि कदाचित तोच तुमच्या आवडीचा असतो.

तारीखही बघा. 'नो मॅन्स स्काय' २०१६ मध्ये आला तेव्हा घेणारे वैतागले होते. कंपनीने वर्षानुवर्षं फुकट अपडेट दिले आणि २०२४ पर्यंत त्याचं स्टीमवरचं एकूण मत 'व्हेरी पॉझिटिव्ह' झालं. जुना रिव्ह्यू जुन्या गेमचा असतो.

तर मग करायचं काय?

१) गेम कशा प्रकारचा आहे, आपल्या पठडीतला आहे का, हे समीक्षकाला विचारा. मार्क सोडा, मजकूर वाचा.

२) तो आपल्या मशीनवर चालेल का, हे ग्राहकांना विचारा. आपलंच ग्राफिक्स कार्ड असलेला माणूस शोधा. स्टीमवर प्रत्येकाने किती तास खेळलंय ते दिसतं. अर्ध्या तासात निकाल देणाऱ्याला सोडून द्या.

३) रिलीजनंतर एक-दोन आठवडे थांबा. तेवढ्यात सबमिशनही उरकतील.

४) शेवटी शितावरून भाताची परीक्षा! स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मागता येतात. मात्र गेम चालू ठेवून जेवायला गेलात तर तोही वेळ त्यात धरला जातो बरं का!

थोडक्यात, समीक्षक गेमची परीक्षा घेतो आणि ग्राहक आपल्या खरेदीची. दोन्ही पेपर वेगळे आहेत. एकाचे मार्क दुसऱ्याच्या गुणपत्रिकेत लिहू नका, म्हणजे मेसचे पैसे वाया जाणार नाहीत.