देवळातला चाफा, कबरस्तानातला चाफा
फुलझाडांचे संकेत : लेखांक ७

मागच्या आठवड्यात प्राजक्त झाला, आज चाफा. सोनचाफा नव्हे. तो वेगळ्या कुळातला, आपल्याच मातीतला. संस्कृत काव्यातला चंपक म्हणजे तोच. आपण बोलतोय ते पांढऱ्या, मधोमध पिवळी झाक असलेल्या चाफ्याबद्दल. कुणी त्याला देवचाफा म्हणतं, कुणी खुरचाफा.

देवळाच्या आवारात दीपमाळेशेजारी वाकडातिकडा वाढलेला चाफा त्या देवळाइतकाच जुना वाटतो. प्रत्यक्षात हे झाड मूळचं मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांवरचं. युरोपीय जहाजांच्या फेऱ्या सुरू झाल्यावर ते पूर्वेकडे आलं आणि आल्या आल्या देवाधर्माच्या कामाला लागलं. श्रीलंकेत ते बुद्धविहारांत फुलतं, बालीत रोजच्या नैवेद्याच्या परडीत असतं, गोव्यात चर्चच्या आवारात दिसतं. लाओसने तर त्याला राष्ट्रीय फूल केलं. त्याच वेळी दक्षिण आशियातल्या कबरस्तानांतही तेच झाड, आणि मलेशियात त्याचा वास आला की हडळ जवळ आहे असं समजतात!

एकाच फुलाच्या वाट्याला देव आणि भूत दोन्ही का यावेत? मला वाटतं, उत्तर झाडाच्या वागण्यातच आहे. तोडलेली फांदी कित्येक दिवस तशीच पडली तरी जाड, रसाळ खोडातल्या साठ्यावर जगते. कधी तिला पालवीही फुटते. पानं झडून झाड हाडकुळं झालेलं असतं आणि टोकांना मात्र फुलांचे घोस. मेल्यासारखं दिसून फुलणारं झाड थडग्याशी लावावंसं वाटलं, यात नवल नाही. त्यातून वास वाढतो तो संध्याकाळनंतर. फुलात मध नसतोच; नुसत्या वासावर निशाचर पतंगांना भुलवून ते परागीकरण साधून घेतं. अंधारात वास येतो आणि झाड दिसत नाही, मग भुताची गोष्ट जन्मायला किती वेळ?

‘चाफा घरापुढे नको’ असं म्हणणारे आपल्याकडेही भेटतात. अपशकुनाचं सोडा, पण पांढरा चीक कातडीला आणि डोळ्यांना त्रास देतो, हे कारण खरं आहे. लहान मुलं खेळतात तिथे लावू नये, इतकंच.

लावायचाच असेल तर उन्हाळ्यात हातभर फांदी कापून आठवडाभर सावलीत ठेवा. कापलेल्या टोकाचा चीक वाळून खपली धरली की भुसभुशीत मातीत खोचा आणि पाण्याचा हात आखडता घ्या. चाफा तहानेने सहसा मरत नाही, लाडाने कुजतो. नर्सरीत चमच्याच्या आकाराच्या पानांचा, रस्त्यांच्या दुभाजकांवर दिसतो तो चाफा हल्ली गळ्यात मारतात. फुलतो भरभरून, पण वास जवळजवळ नाहीच. वासासाठी चाफा हवा असेल तर आधी फूल हुंगून मगच पैसे द्या.

पुढच्या आठवड्यात याच कुळातली कण्हेर.